बरोबर उत्तरांना शून्य

गंधर्व सर आगगाडीच्या डब्यात शिरले की आजूबाजूची बाके रिकामी होत, ही गोष्ट खरी आहे. आमच्या कॉलेजच्या नव्या स्मरणिकेत सरांविषयी जे तीन लेख छापून आले आहेत, त्यांतली तेवढी एकच गोष्ट खरी आहे. बाकीचे सारे खोटे, अर्धवट किंवा सोयीचे आहे. आणि सोयीचे हे मी खोट्याहूनही वाईट समजतो. खोट्याला निदान पकडले जाण्याची भीती असते.

सर रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. बी.एस्सी.च्या वर्गाला असेंद्रिय रसायनशास्त्र आणि सेंद्रिय रसायनशास्त्र अशी दोन्ही अंगे ते शिकवीत. असेंद्रियाच्या प्रात्यक्षिकांत हायड्रोजन सल्फाइड नावाच्या वायूवाचून पान हलत नसे. दिलेल्या क्षाराच्या द्रावणात तो वायू सोडायचा, तळाशी साका काळा बसतो, पिवळा बसतो की नारिंगी, हे पाहायचे, आणि त्यावरून क्षारात कोणता धातू दडला आहे ते ओळखायचे. या वायूला नासक्या अंड्यांचा वास असतो. सरांच्या कोटात तो वास कायमचा मुरला होता, म्हणून पोरांनी त्यांना गंधर्व केले. सरांना हे ठाऊक होते. नव्या वर्गापुढे पहिल्या दिवशी ते स्वतःच म्हणत, "माझं खरं नाव वेळापत्रकात आहे. दुसरं तुम्हाला नाकानं कळेलच."

स्मरणिकेतल्या पहिल्या लेखकाने लिहिले आहे की, सरांची पत्नी त्यांचा कोट अंगणातल्या पेरूच्या झाडाला टांगून ठेवी आणि त्यामुळे त्या झाडाच्या पेरूंनाही दुर्गंधी येई. कोट टांगलेला असे, हे खरे. पेरू मी खाल्ले आहेत. ते गोड होते, आणि त्यांना पेरूचाच वास होता. या लेखकाने लोणावळ्याच्या त्या अंगणात कधी पाऊल ठेवले नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीचे असे रसभरित वर्णन करण्याची सवय त्याला कुठे लागली, ते पुढे येईलच.

सरांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, छातीला पुण्याची धूळ सोसत नव्हती. डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितली, म्हणून सरांनी लोणावळ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि रोज सकाळच्या पॅसेंजरने ते पुण्याला येऊ-जाऊ लागले. मी नाणे मावळातला. गावाहून चालत कामशेत स्टेशन गाठायचे आणि तीच गाडी धरायची, असा माझा रोजचा क्रम होता. तिसऱ्या लेखात जो आरोप आहे, त्याचे मूळ या एवढ्याशा योगायोगात आहे. सर आणि मी एका गाडीने जात होतो, म्हणून सरांचा माझ्यावर लोभ होता. लोभ होता म्हणून त्यांनी मला झुकते माप दिले, अशी त्या लेखाची मांडणी आहे. रसायनशास्त्राच्या पदवीधराने लिहिलेला हा पुरावा वाचून मला त्याच्या पदवीची कीव आली.

लोभ कसला होता, तेही सांगतो. एकदा माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीत मी 'पांढरा साका' असे लिहिले. सरांनी वही बंद करून माझ्या हातात दिली. "कशासारखा पांढरा? दह्यासारखा, चुन्यासारखा, की पेजेसारखा? अरे मावळे, तुझ्या घरी तांदूळ पिकतो ना? मग नुसता पांढरा असा रंग जगात नसतो, हे तुला मी सांगायचं?" हे त्यांनी भर वर्गात ऐकवले. पुढची बाके हसली. मी आठवडाभर गाडीत दुसऱ्या डब्यात बसलो. त्यानंतर माझ्या वहीत चुन्यासारखा, दह्यासारखा, पिठासारखा असे सारे पांढरे वेगवेगळे नोंदले जाऊ लागले, आणि सरांनी त्याबद्दल शाबासकीचा एक शब्दही काढला नाही.

सेंद्रिय रसायनशास्त्र मात्र मी कॉलेजात कमी आणि परतीच्या गाडीत जास्त शिकलो. एके संध्याकाळी बेंझिनच्या रेणूची रचना माझ्या डोक्यात शिरेना. सहा कार्बनचे अणू एकमेकांना धरून वर्तुळात बसतात, एकाला एका हाताने आणि दुसऱ्याला दोन हातांनी, हे सरांनी कागदावर काढून पाहिले, आणि मग ते उठले. डब्यात वासाला सरावलेली जी मोजकी माणसे होती, ती त्यांनी समोरासमोरच्या बाकांवर बसवली. पुण्यात दूध घालून रिकाम्या किटल्या घेऊन परतणारा वडगावचा एक गवळी त्यांत होता. हातात हात, आणि दुहेरी बंध हवा तिथे गुडघ्याला गुडघाही, असे वर्तुळ पुरे झाले आणि सर मधे उभे राहून मला ते दाखवू लागले. इतक्यात गाडीचा वेग कमी झाला.

"मास्तर, हात सोडा," गवळी म्हणाला. "वडगाव आलं."

"थांब, याला समजू दे."

"त्याला समजंस्तवर मी कामशेताला पोचन. म्हस कोन पिळनार, बेंझिन?"

गवळी किटल्या घेऊन उतरला. उरलेले हात लोंबकळत राहिले. सर जराही न चिडता मला म्हणाले, "बेंझिनचं वर्तुळ असं सहजासहजी मोडत नाही. हे मोडलं, कारण याचं घर आलं." ती रचना मी आजतागायत विसरलो नाही. दुसऱ्या लेखकाने हा प्रसंग 'सरांच्या विक्षिप्तपणाचा नमुना' म्हणून कुठूनसा ऐकून लिहिला आहे. शिकवणे हा ज्यांना विक्षिप्तपणा वाटतो, त्यांना काय शिकवले गेले असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

आमच्या डोंगरात हिरड्याची झाडे आहेत. हिरडा वेचून तो व्यापाऱ्याला घालणे हा आमच्या घराचा जोडधंदा होता. हे समजल्यावर सरांनी मला पिशवीभर हिरडा आणायला लावला. त्याचा काढा करून, आम्ल घालून, उकळून, गाळून, पुन्हा पुन्हा विरघळवून आणि निववून आम्ही त्यातून गॅलिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक काढले. पहिल्या खेपेस ते मातकट आले, नंतर उजळत गेले. "तुझ्या डोंगरात सेंद्रिय रसायनशास्त्र झाडाला लागतं," सर म्हणाले, "आणि तू ते पाठ करतोस." ते स्फटिक मी घरी नेऊन वडिलांना दाखवले. आबांनी ते उजेडात धरून पाहिले आणि मला परत दिले. "आमी पोत्यानं इकतो, तुजं मास्तर चिमटीनं बघत्यात," ते म्हणाले. "शानं हायेत. पर पोट न्हाय भरायचं चिमटीनं."

वर्गात सरांचे एकच वाक्य होते, आणि ते प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या आरंभी उच्चारले जाई. "जे दिसलं ते लिहा, जे दिसलं नाही, ते दिसलं नाही असं लिहा." आम्ही ते ऐकून इतके सरावलो होतो की देवळातल्या घंटेसारखे ते कानांवरून जाई. सरांच्या दृष्टीने मात्र सारे शास्त्र त्या वाक्यात होते. निष्कर्ष चुकला तर ते दुरुस्त करीत. निरीक्षण खोटे आढळले तर ते बोलणे बंद करीत.

आता त्या परीक्षेकडे येतो. तिच्याविषयी तिघांनीही लिहिले आहे, आणि तिघांनीही आपापल्या सोयीचे लिहिले आहे.

महायुद्धाची वर्षे होती. प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांपासून आम्लांपर्यंत प्रत्येक वस्तूची टंचाई होती. विद्यापीठाच्या परीक्षेआधी कॉलेज आपली परीक्षा घेई, आणि तीत जो नापास होई त्याचा विद्यापीठाचा फॉर्म अडवला जाई. म्हणजे त्याचे वर्ष बुडे. एरवी प्रात्यक्षिकाला प्रत्येकाला निराळा क्षार मिळत असे. त्या वर्षी टंचाईमुळे सगळ्यांना एकच देण्यात आला. आणि आमच्या कॉलेजात एक जुनी चाल होती, जिचा उल्लेख स्मरणिकेत कोणीही केलेला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी क्षाराच्या पुड्या प्रयोगशाळेतला हमाल बांधी. त्याला चहापाणी दिले की पुडीत काय आहे ते कळे. नाव कळले की पुढचे सोपे. कोणत्या क्षाराला कोणता रंग येतो, हे पुस्तकात छापलेलेच असते. परीक्षानळीला हात न लावता अख्खी उत्तरपत्रिका सुरेख लिहिता येई. या चालीला पोरे 'कोरडी परीक्षा' म्हणत.

आमच्या वर्गात चिटणीसांचा मुलगा होता. संस्थेच्या नियामक मंडळात चिटणीसांचा शब्द शेवटचा असे, म्हणून आम्ही मुलाला युवराज म्हणत असू. त्या वर्षी चहापाण्याचा खर्च युवराजाने एकट्याने सोसला आणि औदार्याने नाव साऱ्या वर्गात वाटले. मलाही तो सांगायला आला होता. मी कान झाकून घेतले, असा माझा दावा नाही. मला त्याचे उपकार नको होते, म्हणून मी तिथून उठून गेलो. गर्व म्हणा. म्हणणारे म्हणालेच.

क्षार पांढरा होता. त्यात कॅडमियम होते. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते, इतर सर्वांना होते. कॅडमियम आणि जस्त हे सख्ख्या भावांसारखे धातू. अमोनिया घाला, दोघे सारखेच वागतात. त्यांना वेगळे ओळखण्याचा सरळ मार्ग म्हणजे आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडायचा. कॅडमियम असेल तर झेंडूसारखा पिवळा साका पडतो, जस्त असेल तर काही होत नाही. मी परीक्षानळी घेऊन व्हरांड्यातल्या वायूच्या खोलीत गेलो. उपकरणाची तोटी उघडली. बुडबुडा आला नाही. लोखंडाचे सल्फाइड त्या दिवसांत बाजारात मिळत नव्हते, आणि कुठल्याशा व्यापाऱ्याने जे पाठवले होते ते आम्लात दगडासारखे पडून होते. थेंबभरही वायू निघत नव्हता. त्या खोलीत जन्मात पहिल्यांदा मला स्वच्छ हवेचा वास आला.

मी परत येऊन सरांना सांगितले, "सर, गॅस येत नाही."

सर व्यासपीठावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या खांद्यावरून ते वर्गाकडे पाहत होते. "मग तसं लिही," ते म्हणाले.

यावर दुसऱ्या लेखकाचे म्हणणे असे की, सरांनी जाणूनबुजून वायू बंद ठेवून सापळा रचला. महाशय, सापळ्यात आमिष असावे लागते. आमिष तुम्ही स्वतःच्या खिशातून विकत घेतले होते. वायू नाही, हे परीक्षा सुरू झाल्यावर सरांच्या लक्षात आले, कारण त्यांच्या नाकाला ते कळलेच असणार. मग आपल्यापुढच्या या तरुण शास्त्रज्ञांपैकी कोण कोण येऊन तक्रार करतो, याची ते वाट पाहत उभे राहिले. मी गेलो. माझ्यानंतर दुसरे कोणी गेले नाही. दोघे-तिघे परीक्षानळी हातात धरून देखाव्यापुरते वायूच्या खोलीपर्यंत जाऊन आले. युवराज त्यांत होता. आत गेला, थोडा थांबला, बाहेर आला, आणि जागेवर बसून त्याने लिहिले की, हायड्रोजन सल्फाइड सोडताच तेजस्वी पिवळा साका पडला.

मी मग फुंकनळी घेऊन कोळशावर क्षार तापवला. तिथे गरम असताना पिवळसर आणि निवल्यावर तपकिरी असा थर बसल्यासारखा दिसला. तपकिरी थर कॅडमियमचा. जस्ताचा निवल्यावर पांढरा होतो. मला ते सुचले नाही. घाबरलो होतो. जे दिसले ते तसेच लिहिले, 'वायू उपलब्ध नव्हता' असेही लिहिले, आणि उत्तर लिहिले जस्त. उत्तर चूक होते. ते मी तेव्हाही मान्य केले, आजही करतो.

निकाल लागला तेव्हा माझ्याखेरीज साऱ्या वर्गाला प्रात्यक्षिकात शून्य होते. मी पास होतो, जेमतेम. सरांनी माझी उत्तरपत्रिका मला दाखवली. "तुझ्या निरीक्षणात कॅडमियम आहे आणि निष्कर्षात जस्त. निरीक्षणाचे गुण दिले आहेत, निष्कर्षाचे दिलेले नाहीत. तपकिरी लिहून पुढे जस्त लिहिताना लाज वाटली नाही का?" एवढेच. याला तिसरा लेखक झुकते माप म्हणतो.

बोंब अशी उठली की, गंधर्वांचे डोके फिरले, चुकलेल्याला पास केले आणि बरोबर लिहिणाऱ्यांना नापास. पुण्यात ही गोष्ट विनोद म्हणून फिरली, आणि विनोद करणाऱ्या एकालाही असा प्रश्न पडला नाही की, जो वायू नव्हताच त्याने साऱ्यांच्या परीक्षानळ्या पिवळ्या कशा केल्या. चिटणीसांनी सरांना बोलावून घेतले. भेटीत काय झाले, ते सरांनी मला गाडीत सांगितले, आणि तेही मी खोदून विचारल्यावर. गुण बदला, नाहीतर जागा सोडा, असे स्पष्ट सांगण्यात आले होते. सरांना दुसरे उत्पन्न नव्हते. लोणावळ्याची हवा पगारावर मिळत होती, आणि पगार गेला की काकूंना पुन्हा कुठल्यातरी नातलगाच्या गल्लीत नेणे आले. हे सारे चिटणीसांनाही दिसत होते आणि सरांनाही.

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारले.

"पुन्हा परीक्षा घेतो म्हणालो. नवा क्षार, ताजा वायू. करून दाखवा, दिसेल ते लिहा, गुण घेऊन जा. पोरं हुशार आहेत रे. केलं तर येईल त्यांना."

चिटणीसांनी पुनर्परीक्षेला मान डोलावली, कारण नाही म्हणायला कारण नव्हते. आतून मात्र त्यांनी दुसरा डाव टाकला. त्यांचा एक वकील स्नेही कामशेतला उतरून टांग्याने आणि पुढे बांधावरून चिखल तुडवत आमच्या घरी आला. वायू येणार नाही हे सरांनी मला आदल्या दिवशी गाडीत सांगितले होते, असे मी लिहून द्यावे, ही त्याची मागणी होती. त्या बदल्यात वसतिगृहात फुकट जागा मिळणार होती. रोजची पायपीट संपणार होती. मी तोंड उघडणार, तोच आबांनी हाताने मला थांबवले. त्यांनी पाहुण्याला पाणी दिले, पाय धुवायला सांगितले, आणि शांतपणे विचारले, "आमच्या पोराचं उत्तर बराबर आलं व्हतं का?"

वकील म्हणाला, नाही, चुकले होते.

"मंग मास्तरनं आदल्या दिशी त्याला सांगितलं काय? चुकायचं कसं, त्ये?"

वकिलाने पाय पुसून वहाणा चढवल्या. आबांच्या प्रश्नाचे उत्तर आजवर कुणालाच सुचलेले नाही. तरी तो आरोप स्मरणिकेत गुळगुळीत कागदावर छापून आलेला आहे.

पुनर्परीक्षेच्या दिवशी मी सरांबरोबर गेलो. मला परीक्षा नव्हती, मदतीला गेलो. सरांनी मुंबईतल्या ओळखीच्या कारखान्यातून खटपट करून चांगले सल्फाइड मिळवले होते. उपकरण त्यांनी स्वतः भरले. तोटी उघडताच फसफसून बुडबुडे आले आणि व्हरांडाभर तो ओळखीचा दर्प पसरला. प्रत्येक जागी परीक्षानळ्यांची मांडणी, फुंकनळी, कोळसा आणि निराळ्या क्षाराची पुडी ठेवली. पुड्या त्यांनी आपल्या हातांनी बांधल्या होत्या. घंटा झाली. सर व्यासपीठावर उभे राहिले.

कोणीही आले नाही.

युवराजाने बहिष्कार पुकारला होता. गुण वरून बदलून मिळणार, मग वासात उभे कशाला राहायचे, असा निरोप वर्गात फिरला होता, हे मला नंतर कळले. सर परीक्षेची पूर्ण वेळ उभे होते. मी बसा म्हटले तर म्हणाले, पर्यवेक्षक बसत नसतो. मधे एकदा व्हरांड्यात पावले वाजली तेव्हा त्यांनी कोटाची बटणे लावली. पावले पुढे निघून गेली. त्या दिवशी वायू उत्तम येत होता. वेळ संपल्यावर सरांनी पुड्या गोळा केल्या आणि गुणपत्रकावर प्रत्येकाच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले. मी म्हणालो, पुन्हा शून्य लिहा, त्यांची तीच लायकी आहे. सर म्हणाले, "शून्य हा गुण आहे. तो मिळवायला यावं लागतं."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कोणाच्या तरी सहीने नवे गुणपत्रक लागले. सारा वर्ग पास होता, युवराज वरच्या श्रेणीत. त्याच दिवशी सरांनी राजीनामा दिला. स्मरणिकेतला दुसरा लेख युवराजांचा आहे, आणि त्याचा शेवट असा: 'पत्नीच्या प्रकृतीच्या कारणास्तव सरांनी स्वेच्छेने निवृत्ती स्वीकारली.' त्या एका वाक्यात तीन असत्ये आहेत, आणि तिन्ही काकूंच्या आजारपणाआड लपवलेली आहेत. यासाठी मी त्या गृहस्थांना क्षमा करणार नाही.

परतीच्या त्या शेवटच्या प्रवासात मी सरांशी भांडलो. वर्तमानपत्रात लिहा, विद्यापीठाकडे जा, मी साक्ष देतो, म्हणालो. सर खिडकीबाहेर पाहत होते. "माझं म्हणणं उत्तरपत्रिकांवर लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "वाचायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं." मी म्हणालो, तुम्ही गप्प बसलात तर उद्या हेच लोक तुमचा इतिहास लिहितील. ते म्हणाले, "लिहू दे. लिहिणं सोपंच असतं." सरांवर माझा राग आहे, तो एवढ्यासाठी. त्यांनी सगळे शिकवले, भांडायला शिकवले नाही. ते मला माझ्या जन्मस्वभावावर भागवावे लागले. कामशेत आले. मी उतरलो. त्यांनी हात वर केला नाही; ते मला नमस्कार करीत होते, हे गाडी हलल्यावर माझ्या ध्यानात आले.

पुढे सरांनी लोणावळ्यातच मुलांच्या शिकवण्या घेतल्या. काकू तीन पावसाळे काढून गेल्या. सर त्यानंतर फार राहिले नाहीत. मी नोकरीभर एका सरकारी कारखान्यात धातूंची तपासणी केली. माझ्या हाताखालचे रसायनज्ञ मला खडूस म्हणत. 'नमुना योग्य' असे न तपासता लिहिणाऱ्या एकाची नोकरी मी घालवली, आणि त्याची बायको माझ्या दारात येऊन रडली, तरी मी मागे हटलो नाही. कोणाला हे क्रौर्य वाटेल. वाटू दे.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेला सरांचे नाव देण्याचे ठरले. देणगी युवराजांची. रंगाचा कारखाना काढून ते मोठे झाले, आता वयही झाले आहे. त्यांनी मला स्वतः फोन केला. समारंभाला ये, दोन शब्द बोल, पण जुने काही उकरू नकोस, सरांबद्दल आम्हा सगळ्यांना प्रेमच होते, असे ते बराच वेळ बोलत राहिले. मी म्हणालो, येतो, पण पाटीवर सर का गेले ते लिहा.

"अरे मावळे," ते हसून म्हणाले, "किती वर्षं धरून बसणार? त्या दिवशी उत्तर तर तुझंच चुकलं होतं."

"चुकलं होतं," मी म्हणालो. "मी परीक्षा दिली होती."